पेशी काढल्या, विषाणूचे काय?

श्रोतेहो, नमस्कार.

गर्भाशयमुखाच्या बदललेल्या पेशी लीप किंवा क्रायो उपचाराने नाहीशा केल्या, जखम भरली, आणि पुढच्या तपासणीत एचपीव्ही, म्हणजे या पेशी बिघडवणारा आणि पुढे कर्करोग घडवू शकणारा विषाणू, पुन्हा 'पॉझिटिव्ह' आला, की बाई हबकते. सारे वाया गेले, असे तिला वाटते. तसे नसते. लीपमध्ये विजेच्या तारेने कापून किंवा क्रायोमध्ये अतिशीत वायूने गोठवून आम्ही जो भाग काढतो, तो विषाणूने बिघडवलेल्या पेशींचा असतो. आजूबाजूच्या निरोगी दिसणाऱ्या आवरणात विषाणू उरू शकतो आणि त्याला आवरण्याचे काम शरीराच्या प्रतिकारशक्तीकडेच राहते. बहुतेकींच्या बाबतीत ती हे काम पार पाडते, मात्र त्याला काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षे लागतात. विषाणू मारणारी गोळी नाही, लसीनेही आधीचा संसर्ग बरा होत नाही, आणि विडी-सिगारेटमुळे तो अधिक चिवट होतो.

'मग पिशवीच काढून टाका' हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकतो, की गर्भपिशवी म्हणजे माळ्यावरची अडगळ वाटावी. केवळ विषाणू सापडला म्हणून ती काढू नये. काढली, तरी विषाणू योनिमार्गात राहू शकतो, त्यामुळे तपासण्या सुटत नाहीत.

दुसरा प्रश्न दार लोटून घेतल्यावर येतो: हा आला कुणाकडून? लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा संसर्ग आयुष्यात कधीतरी होतोच. तो वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकत असल्यामुळे तो केव्हा आणि कुणाकडून आला, हे कोणतीही तपासणी सांगत नाही. तेव्हा त्या कागदावरून नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेण्याला वैद्यकशास्त्राचा काडीचाही आधार नाही.

या तपासणीचे मोल आपल्याच मातीत सिद्ध झाले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील 1,30,000हून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले, एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळे आणि त्यानंतरच्या उपचारांमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. उपचार झालेल्या बाईला मात्र एकदा तपासून चालत नाही. जागतिक आरोग्य संघटना बारा महिन्यांनी पुन्हा तपासा, असे सांगते; अनेक डॉक्टर सहा महिन्यांनीच बोलावतात. अहवाल निर्दोष आला तरी पुढची बरीच वर्षे ठरावीक अंतराने यावे लागते, कारण अशा स्त्रियांमधला धोका इतरांपेक्षा थोडा जास्तच राहतो. संबंधांनंतर रक्त गेले, पाळी थांबल्यावर रक्तस्राव झाला किंवा दुर्गंधीयुक्त स्राव होऊ लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

पुढे दिवस राहिले, तर लीप झाल्याचे पहिल्याच भेटीत सांगा, कारण त्यानंतर बाळंतपण वेळेआधी होण्याची शक्यता थोडी वाढते. ऊसतोडीसाठी किंवा बदलीमुळे गाव सोडताना केस पेपर आणि बायॉप्सीचा अहवाल बरोबर घ्या. नव्या डॉक्टरांना पुढची तारीख ठरवायला तेच लागतात.