पावसाळ्यातला खोकला

[लालबाग. चाळीचा जिना, बाहेर पाऊस.]

गेल्या पावसाळ्यात आई तीन महिने खोकत होती. कोरडा खोकला, रात्री जास्तच. शेजारच्या काकू म्हणाल्या, हवा बदलली. केमिस्ट म्हणाला, समोरच्या टॉवरच्या बांधकामाची धूळ. काढे झाले, सिरपच्या दोन बाटल्या झाल्या. जूनमध्ये सुरू केलेल्या बीपीच्या गोळीकडे मात्र कुणाचंच लक्ष गेलं नाही.

ती गोळी रॅमिप्रिलची. या गटातल्या गोळ्यांनी दहा-वीस जणांमागे एखाद्याला असा खोकला लागतो, बायकांना जरा जास्तच. औषधशास्त्रात 'नेहमीचा' आणि 'दुर्मिळ' या शब्दांनाही माप आहे. शंभरात एकाला किंवा त्याहून जास्त जणांना झाला, तर तो नेहमीचा दुष्परिणाम. हजारात एकापेक्षाही कमी, तर दुर्मिळ. हे खोक्यातल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरात असतं. आपल्या हाती येते ती कात्रीने कापलेली दहा गोळ्यांची पट्टी. कागद दुकानातच राहतो.

मग नेहमीचाच त्रास ओळखू का येत नाही? कारण पावसाळ्यात मुंबईत घरोघरी कुणी ना कुणी खोकत असतं. त्यात गोळीचा खोकला वेगळा कसा कळणार? गरोदर बायकांना दिल्या जाणाऱ्या थॅलिडोमाइड या गोळीचं उलट झालं. हात-पाय खुंटलेली बाळं एरवी फारच क्वचित जन्मतात. ती एकामागून एक दिसू लागली, तेव्हा १९६१ मध्ये डॉक्टरांना गोळीचा संशय आला. तोवर हजारो घरं होरपळली होती.

औषध बाजारात येण्याआधी बहुतेक वेळा काही हजार लोकांवरच तपासलेलं असतं. दहा हजारांत एकाला होणारा त्रास तिथे सापडेलच असं नाही. तो पुढे आपल्या घरांत दिसतो, आणि आपण सांगितला तरच मोजला जातो. २०१० पासून अशा नोंदींसाठी सरकारी कार्यक्रम आहे. परळच्या केईएममध्ये त्याचं केंद्र आहे, रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही मिळतो, १८००-१८०-३०२४ वर फोन करता येतो. आईला हे कुणीच सांगितलं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

[कालनिर्णयचं पान, जवळून.]

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. तिने मनाने बंद केली नाही हे बरं झालं. बीपी वाढलं असतं. पंधरा दिवसांत खोकला थांबला. फॉर्म भरताना प्रश्न आला: औषध कधी सुरू केलं? आईने कालनिर्णयची पानं मागे उलटली. १२ जूनच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिलं होतं, 'बीपीची गोळी, आजपासून.'