ट्रिपल सीट बसायला मुलगा नाही कसं म्हणेल?

नमस्कार. ठाण्यात संध्याकाळी उपवनला चक्कर मारा. मिसरूड न फुटलेली पोरं स्कूटरवर ट्रिपल सीट जाताना दिसतातच. त्यातल्या सगळ्यात मागच्याला विचारा, हे चूक आहे का? तो लगेच ‘हो’ म्हणेल. मग तरी बसतो कशाला?

कारण मित्र बघत असतात. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कॉम्प्युटरवर गाडी चालवण्याचा खेळ मुलांना आणि मोठ्यांना खेळायला दिला. सोबत मित्र असले की १३ ते १६ वर्षांची मुलं जास्त धोका पत्करायची. मोठ्यांवर हा परिणाम कमी होता.

म्हणून नुसतं समजावून भागत नाही, सराव लागतो. रात्री जेवताना मुलाला विचारा, “मित्राने गाडी आणलीय, तू तिसरा. काय म्हणशील?” “तुम्ही व्हा पुढे, मी रिक्षाने येतो.” हे वाक्य त्याला मोठ्याने म्हणू दे. हसेल, हसू दे. “आई ओरडेल” हे कारण सांगायचीही मुभा द्या. तुमच्या नावावर खपलं तर खपू दे!

आता ‘का नाही?’ हेही विचारा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ च्या प्रबंधासाठी १० ते १६ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, बायको मरणाच्या दारात आहे, औषध परवडत नाही, तर नवऱ्याने ते चोरावं का? हो की नाही यापेक्षा मुलं कारण काय देतात, याकडे त्यांचं लक्ष होतं.

तुमचा मुलगा म्हणेल, “पोलीस पकडतील.” रागावू नका. विचारा, “आणि नाक्यावर पोलीस नसतील तर?” मग गप्प बसा. इथेच आपल्याला राहवत नाही, आपण उत्तर देऊन टाकतो. थांबा. “मागे बसलेला पडला तर?” हे त्याचं त्याला सुचलं, तर ते पोलीस नसतानाही टिकेल.

आणि चावी कोण देतं हो? आपणच! मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आपण चावी देऊन त्याला नियम सांगणार असू, तर तो कशाला ऐकेल?

एखाद्या रात्री त्याचा फोन आला, “बाबा, मला न्यायला या,” तर निघा. वाटेत चौकशी नको. जे विचारायचं ते दुसऱ्या दिवशी, नाश्ता झाल्यावर.