आशा मोजताना दोन बेरजा वेगळ्या का ठेवायच्या?

नमस्कार मंडळी. माझ्या हातातल्या या कागदावर बारा वाक्यं आहेत. प्रत्येक वाक्यापुढे एक ते आठपैकी एक आकडा लिहायचा. एक म्हणजे 'माझ्या बाबतीत मुळीच खरं नाही', आठ म्हणजे 'अगदी शंभर टक्के खरं'. पाच मिनिटांत कागद भरून होतो. गेली तीसेक वर्षं जगभरातल्या विद्यापीठांत मुलामुलींच्या मनातली आशा मोजायला हाच कागद वापरतात.

तो तयार केला अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या सी. आर. स्नायडर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९९१ साली त्यावरचा शोधनिबंध आला, आणि त्याच्या शीर्षकाची सुरुवातच होती 'द विल अँड द वेज'. ऐकलं की आपली 'इच्छा तिथे मार्ग' ही म्हण आठवते ना? पण म्हण सांगते की इच्छा असली की मार्ग आपोआप सापडतो. स्नायडर यांनी हे 'आपोआप' मान्य केलं नाही. त्यांनी इच्छा वेगळी मोजली आणि मार्ग वेगळा. मला या प्रश्नावलीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

आता कागद उलगडून बघू. बारापैकी चार वाक्यं गुणांत धरतच नाहीत. थकवा, तब्येतीची काळजी असले त्यांचे विषय. कागद नक्की कशाबद्दल आहे हे भरणाऱ्याला पटकन कळू नये म्हणून ती पेरलेली असतात. याच कारणासाठी मुलांपुढे ठेवताना त्यावर 'आशा' हा शब्द लिहीत नाहीत, 'भविष्य' असं काहीतरी नाव देतात. उरली आठ. त्यातली चार जिद्दीची: मी माझ्या ध्येयामागे जोमानं लागतो का, ठरवलेलं पूर्ण करतो का. दुसरी चार वाटांची: पेचात सापडलो तर बाहेर पडायचे किती रस्ते मला सुचतात. प्रत्येक गटाला कमीत कमी ४ गुण आणि जास्तीत जास्त ३२. एकूण बेरीज ८ ते ६४.

समजा, एका वर्गात दोघांची बेरीज ४० आली. तिची जिद्द ३० आणि वाटा १०. त्याची जिद्द १० आणि वाटा ३०. तक्त्यात दोघं शेजारी शेजारी, सारखे. प्रत्यक्षात ती पहाटे उठून अभ्यास करते, पण एक पेपर राहिला की पुढे काय हे तिला दिसतच नाही. त्याला पुनर्परीक्षा, शिष्यवृत्ती, दुसरा अभ्यासक्रम, सगळं माहीत आहे. फॉर्म भरायला हात उचलत नाही. तिला 'जिद्द सोडू नकोस' असं सांगणं म्हणजे ज्याचं पोट भरलंय त्यालाच पुन्हा वाढणं. आणि आपण मुलांना बहुतेक वेळा तेवढंच सांगतो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

या गुणांचा पुढच्या शिक्षणाशी संबंध लागतो का? लागतो. स्नायडर यांच्याच गटाचा २००२ मधला अभ्यास आहे. कॉलेजात नुकत्याच आलेल्या २१३ विद्यार्थ्यांकडून कागद भरून घेतला आणि सहा वर्षं त्यांची प्रगती पाहिली. ज्यांची आशा सुरुवातीला जास्त होती त्यांचे गुण सरासरीनं चांगले आले आणि पदवी पूर्ण होण्याचं प्रमाणही जास्त राहिलं. प्रवेश परीक्षेतल्या गुणांचा फरक हिशेबात धरूनसुद्धा हा संबंध टिकला. अर्थात हे गटाबद्दल झालं. एका मुलाचा आकडा बघून त्याचं भविष्य सांगता येत नाही, आणि कुणी सांगू नये.

आता आपल्या भाषेचा प्रश्न. आठ पायऱ्यांमधल्या मधल्या पायऱ्या इंग्रजीत 'स्लाइटली' आणि 'समव्हॉट' अशा आहेत. मराठीत काय लिहाल? 'थोडंसं खरं' आणि 'काहीसं खरं'? यातलं जास्त खरं कुठलं, घरी विचारून बघा. शिवाय पायऱ्या आठ, म्हणजे सम, त्यामुळे 'ठीक आहे' म्हणून मध्ये उभं राहायला जागाच नाही. आणि 'मी आयुष्यात बऱ्यापैकी यशस्वी झालोय' अशा अर्थाचं एक वाक्य आहे. स्वतःच्या तोंडानं असं म्हणू नये या संस्कारात वाढलेली मुलगी तिथे तीन लिहील. ते तिची आशा सांगतंय की तिचा संकोच?

त्याहून मोठी अडचण 'मी' या शब्दाची. वाटांच्या चारपैकी तीन वाक्यांत वाट शोधणारा एकटा 'मी'. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजात आलंय, तिथे वाट अनेकदा मामा दाखवतो, नाहीतर आधी शिकून गेलेली शेजारची ताई. फिलिपिन्सचे मानसशास्त्रज्ञ ॲलन बर्नार्डो यांनी २०१० साली हाच धागा धरला. घरचे, मित्र आणि देव यांच्या आधारानं असलेली आशाही मोजेल अशी प्रश्नावली त्यांनी मांडली. मला वाटतं, आपल्याकडे वापरायची तर ही बाजू सोडून चालणार नाही.

आणि वाटांचे गुण कमी आले म्हणजे ते कायमचे तसेच, असं नाही. डेव्हिड फेल्डमन आणि डायान ड्रेहर यांनी २०१२ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी केवळ ९० मिनिटांच्या एका सत्राचा प्रयोग प्रसिद्ध केला. एक ध्येय निवडायचं, त्याच्या वाटा कागदावर काढायच्या, मध्ये काय अडेल ते लिहायचं, तिथून वळण कसं घ्यायचं ते मनात चालून बघायचं. ज्यांनी हे सत्र केलं त्यांची आशा वाढली, आणि महिन्याभरानं ती मुलं आपल्या ध्येयाकडे इतरांपेक्षा जास्त सरकलेली होती.

तर शिक्षक मंडळी, तुमच्यापैकी कुणी वर्गात हा कागद भरून घेणार असाल तर एवढं कराच: तक्त्यात बेरजेचा एक रकाना ठेवू नका, जिद्दीचा एक आणि वाटांचा एक असे दोन ठेवा. आणि ज्यांच्या दुसऱ्या रकान्यात कमी गुण दिसतील, त्यांना त्याच आठवड्यात चहाला बोलवा. सोबत कोरा कागद आणि पेन्सिल असू द्या.