ताकद एक, स्वभाव दोन

श्रोतेहो, नमस्कार. लेलँड कॉमेट ट्रकमुळे ब्रिटिश डिझेलचा आवाज आपल्याकडे अनेकांच्या ओळखीचा. आज सांगणार आहे ते तिकडच्या रस्त्यांवरच्या दोन इंजिनांबद्दल. इंग्लंडमधल्या गॅरेजात काम करताना दोन्हींवर माझा जीव जडला.

पहिलं गार्डनर, मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टचं. त्यांचं सिक्स-एलडब्ल्यू म्हणजे सहा सिलिंडर, ८.४ लिटर आणि मिनिटाला १७०० फेऱ्यांवर १०२ हॉर्सपॉवर. फोडेन, ईआरएफ, ॲटकिन्सन, या सगळ्या ट्रक कंपन्यांना हेच हवं असे, कारण डिझेल फार कमी पिई. गिअर टाकताना मात्र घाई चालत नसे. क्लच दाबून न्यूट्रलला यायचं, इंजिन सावकाश उतरेपर्यंत थांबायचं, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग वरचा गिअर. स्कॉटलंडच्या वाटेवर, केंडलच्या पुढे शॅपचा चढ लागतो. १९७० मध्ये तिथून मोटरवे सुरू होईपर्यंत मालाचे ट्रक याच चढावरून जात. भरलेला गार्डनर तिथे माणसाच्या चालीने चढे, पण ठोका चुकत नसे.

दुसरं इंजिन कॉमर ट्रकचं, १९५४ चं टीएस-थ्री. जेमतेम सव्वातीन लिटरचं, तरी ताकद १०५ हॉर्सपॉवर! कशी, तर आडवे तीन सिलिंडर आणि प्रत्येकात समोरासमोर दोन पिस्टन. ते एकमेकांकडे धावत येत आणि मधल्या दाबलेल्या हवेत डिझेल पेटे. इंजिनाला हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, नाहीच, व्हॉल्व्हही नाहीत. पिस्टन सरकले की लायनरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीची, भोकं उघडत, ब्लोअर ताजी हवा आत लोटे आणि धूर बाहेर पडे. दोन्ही बाजूंच्या दांड्यांनी खालचा एकच क्रँक फिरे. टू-स्ट्रोक असल्यामुळे दर फेरीला प्रत्येक सिलिंडर पेटायचा, म्हणून तो कडकडाट. ट्रक वळणाआड असतानाच कळे, कॉमर आला! ड्रायव्हर त्याला 'नॉकर' म्हणत. बसकं इंजिन केबिनच्या तळाशी मावे, त्यामुळे तिघांना ऐसपैस बसता येई. बोलणं मात्र ओरडूनच.

मालकाच्या खिशाला गार्डनर परवडे, हे मला मान्य. पण कल्पकतेत मी कॉमरलाच वर ठेवतो. त्याचा चार सिलिंडरचा धाकटा भाऊ, टीएस-फोर, चाचणीत धावतही होता. पुढे कॉमरची मालक रूट्स कंपनी अमेरिकेच्या क्रायस्लरच्या हाती गेली आणि ते काम बंद पडलं. त्या इंजिनाला संधी मिळायला हवी होती. नमस्कार.