उणे चोविसात उघड्यावर सिनेमा

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून.)

नमस्कार मंडळी. तिळगूळ वाटून झालाय, हळदीकुंकू अजून व्हायचंय आणि मागून मसालेभाताचा वास यायला लागलाय. तेव्हा भात मुरेपर्यंतचा वेळ माझा.

कार्यकारिणीनं मला ‘आमची लॅपलँडची सहल’ हा विषय दिला होता, शिवाय फोटो दाखवा म्हणाले होते. फोटो नाहीत. पहिल्याच संध्याकाळी थंडीनं फोननं मान टाकली, ती परत खोलीवर येईपर्यंत वर केली नाही. म्हणून तोंडीच सांगते.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहा जण फिनलंडच्या उत्तर टोकाकडच्या इनारी गावाला गेलो. इथून, म्हणजे हेलसिंकीहून, अकराशे किलोमीटरच्या वर. रोवानिएमीपर्यंत रात्रीची रेल्वे, पुढे बस. इनारी म्हणजे एक रस्ता, एक दुकान, गोठलेलं तळं आणि सहाएकशे माणसं. पण या नावाची जी नगरपालिका आहे, तिचं क्षेत्रफळ तळ्यासकट १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर जातं. आपला अख्खा पुणे जिल्हा त्यात बसतो आणि वर जागा उरते. लोकसंख्या सात हजार. आमच्या सोसायटीच्या चार फेज मिळून याहून जास्त भरतील.

तर या गावात १९९९ पासून दर जानेवारीत आदिवासींच्या सिनेमाचा महोत्सव भरतो. नाव स्काब्मागोवात. सामी म्हणजे लॅपलँडचे मूळ आदिवासी. त्यांच्या भाषेत ‘स्काब्मा’ म्हणजे सूर्य न उगवणारा काळ आणि ‘गोवात’ म्हणजे चित्रं. अंधारातली चित्रं म्हणा. महोत्सवाच्या सुमारास सूर्य नुकताच परत आलेला असतो, दुपारी थोडा वेळ तळ्यापलीकडे लाल होतो आणि जातो. संक्रांतीचं महत्त्व मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तिथं कळलं.

काही सिनेमे तिथल्या सायोस या इमारतीत, आत, उबेत दाखवतात. सामी संसद याच इमारतीत भरते. पण लोक लांबून येतात ते ‘उत्तरप्रभा थिएटर’साठी. सीदा या सामी संग्रहालयाच्या आवारात बर्फ रचून केलेलं उघडं नाट्यगृह. भिंती बर्फाच्या, बसायच्या पायऱ्या बर्फाच्या, त्यावर रेनडिअरची कातडी अंथरलेली. छप्पर नाही. आम्ही गेलो त्या रात्री उणे चोवीस होतं.

रेनडिअरचा केस आतून पोकळ असतो, म्हणून त्यावर बसलं की खालचा बर्फ लागत नाही. हे खरं आहे. पण तो केस गळतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या काळ्या कोटावर ते पांढरे केस अजून आहेत. आज सकाळी साडी नेसताना एक पदरावर सापडला.

दिवे मालवले आणि प्रोजेक्टरचा झोत सुटला, तेव्हा त्या झोतात सगळ्यांचे श्वास दिसायला लागले. दोनशे तोंडांची वाफ वर चढते आहे आणि त्यातून चित्र पडद्यावर जातं आहे. मला एकदम आमच्या पेठेतला गणपती आठवला. इथं पन्नाशीच्या पुढचे जे आहेत त्यांना सांगायला नको: चौकात दोन बांबूंना पांढरा पडदा, रस्त्यावर पोती आणि सतरंज्या, रीळ बदलताना शिट्ट्या. पुढची जागा भरली की आम्ही पडद्याच्या मागे जाऊन बसायचो. तिकडून नायक डावखुरा दिसायचा आणि पाट्या उलट्या. झोतात उदबत्तीचा आणि विडीचा धूर असायचा. इनारीत विडी नव्हती, बाकी सगळं तेच होतं: मांडीवर झोपलेली मुलं, मधेच उठून बाहेर जाणारे आजोबा, ‘खाली बसा’ म्हणून कुणाला तरी दटावणारी बाई. टाळ्या मात्र निराळ्या. दोन-दोन हातमोजे घातलेल्या टाळीचा आवाज गादी झटकल्यासारखा येतो.

एक लघुपट विनोदी होता. आजी आणि नात बर्फावरच्या स्कूटरवरून कुठंतरी निघाल्यात, एवढीच गोष्ट. मी खालची इंग्रजी अक्षरं वाचत होते. माझ्या लक्षात आलं की हशा दोन हप्त्यांत येतोय. आजी बोलली की आधी पुढच्या तीन-चार रांगा हसतात, मग अक्षरं वाचून आम्ही बाकीचे. आपण इथं मराठी सिनेमा लावतो तेव्हा आपले फिनिश जावई आणि सुना उशिरा हसतात ना, तसं. उशिरा हसणाऱ्यांत मी पहिल्यांदाच होते. आपल्या सुना-जावयांना एवढी वर्षं काय वाटत असेल, ते त्या रात्री कळलं.

पुढच्या रांगांचं हे आधी हसणं साधं नाही. सामी लोकांचे फोटो आणि फिल्मा शंभर वर्षांहून अधिक काळ दुसऱ्यांनीच काढल्या. नुसत्या फिल्मा नाहीत, कवट्यासुद्धा मोजल्या. इनारीच्या जुन्या दफनभूमीतून उकरून नेलेले अवशेष हेलसिंकी विद्यापीठाच्या संग्रहात होते. ते परत येऊन गावात पुन्हा पुरले गेले १९९५ मध्ये. राष्ट्रीय संग्रहालयानं दोन हजारांहून जास्त सामी वस्तू सीदाला परत केल्या, त्याला तर आता कुठं चार-पाच वर्षं होताहेत. टोप्या, पाळणे, चमचे. आम्ही त्या पाहिल्या. काचेपलीकडच्या एका टोपीपुढे एक आजीबाई इतका वेळ उभ्या होत्या की आम्ही मागून वळसा घालून गेलो.

सामी भाषेतला पहिला कथापट निघाला १९८७ मध्ये, नॉर्वेत. निल्स गौप यांचा ‘ओफेलाश’. ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. आणि स्कोल्ट सामी भाषेत पहिला पूर्ण लांबीचा कथापट यायला २०२३ उजाडलं: कात्या गौरिलोफ यांचा ‘येविदा’. तो मी इकडे हेलसिंकीत पाहिला होता. स्कोल्ट लोकांची गावं दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत हद्दीत गेली, ते इनारी तळ्याच्या आसपास येऊन वसले. त्यांची भाषा बोलणारे आज तीनशेच्या आसपास. सिनेमातली बाई आपली भाषा, आपलं नाव सगळं मागे टाकून फिनिश होऊन गेलेली असते. का, तर शाळेच्या वसतिगृहात तिला तेच शिकवलेलं असतं. युद्धानंतर या मुलांना लांबच्या वसतिगृहांत ठेवायचे आणि शिकवायचे फक्त फिनिशमधून. त्यातले कितीतरी जण पुढे आईबाप झाल्यावर मुलांशी सामी बोललेच नाहीत. मुलांना त्रास नको म्हणून.

इनारी सामी ही आणखी वेगळी भाषा, बोलणारे जेमतेम चार-पाचशे. १९९० च्या दशकात ती बोलणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. मग यांनी न्यूझीलंडकडे पाहिलं. तिथं माओरी लोकांनी १९८२ पासून बालवाड्या काढल्या होत्या, जिथं म्हाताऱ्या बायका लहान मुलांशी दिवसभर फक्त माओरी बोलतात. तसंच इनारीत १९९७ मध्ये सुरू झालं. ‘भाषेचं घरटं’ म्हणतात त्याला. आज त्या घरट्यातली पोरं मोठी होऊन स्वतः तिथं शिकवतात. इनारीच्या महोत्सवात माओरी, इनुइट, ऑस्ट्रेलियाचे लोक पाहुणे म्हणून का येतात, ते मला या घरट्यावरून समजलं. ते एकमेकांचे सिनेमे बघायला येतातच, पण उपाय उसने न्यायलाही येतात.

आता आमची फजिती. मध्यंतरात शेकोटीशी एक सामी गृहस्थ भेटले, फार मोकळे. माझ्या नवऱ्यानं आपल्या पद्धतीनं चौकशी सुरू केली: घरी कोण कोण, मुलं काय करतात, आणि मग, ‘तुमचे रेनडिअर किती?’ ते गृहस्थ हसले आणि कॉफी आणायला गेले. शेजारच्या बाईंनी हळूच सांगितलं, अहो, हे बँकेत पैसे किती आहेत असं विचारण्यासारखं आहे. नवऱ्याचं म्हणणं, आपल्याकडे तर एकर विचारतातच की. विचारतात खरे. आणि सांगणारा निम्मेच सांगतो.

मंडळी, मला खरं बोलायचंय ते पुढेच आहे, आणि भात अजून मुरतोय.

त्या बाईंनी मग मला विचारलं, ‘तुमच्याकडे आदिवासी आहेत का?’ मी म्हटलं, आहेत, महाराष्ट्रातच एक कोटीवर आहेत. हा २०११ च्या जनगणनेतला आकडा मला पाठ होता, याचा थोडा अभिमानही वाटला. पुढचा प्रश्न: ‘त्यांच्या भाषेतला सिनेमा तुम्ही कोणता पाहिलाय?’

एकही नाही.

वारली, कोरकू, गोंडी, भिल्ली, कातकरी. नावं येतात. गाणं येतं का? एक वाक्य येतं का? मागच्या वर्षी आपल्या गणपतीला वारली चित्रांचं मखर होतं, आठवतंय ना? सगळ्यांनी कौतुक केलं. ते मी काढलं होतं. इंटरनेटवर बघून, पुठ्ठ्यावर, ॲक्रिलिकच्या पांढऱ्या रंगानं. लग्नाच्या वेळी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं बायका जो चौक लिहितात, मधोमध पालघट देवी बसवतात, त्याचं एक अक्षर मी कुणाला सांगितलं नाही. कारण मला ते ठाऊकच नव्हतं, आल्यावर वाचलं. रोवानिएमीत पर्यटकांना खोट्या सामी टोप्या घालून फोटो काढायला देतात, त्याबद्दल सामी लोक वर्षानुवर्षं चिडून बोलताहेत. आपल्यातल्या किती जणांचे तसे फोटो आहेत, ते मी विचारत नाही. माझा आहे.

इथं आपण आठवड्यातून एकदा मराठीचा वर्ग भरवतो, मुलं ‘ळ’ म्हणत नाहीत म्हणून कासावीस होतो. व्हायलाच हवं, मी त्या वर्गात शिकवते. पण मराठी ८ कोटी ३० लाख लोकांची भाषा आहे, २०२४ मध्ये तिला अभिजात दर्जा मिळाला. गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मोहगावात, ग्रामसभेनं २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली. गोंडी बोलणारे देशात तीस लाखांच्या घरात आहेत, तरी ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात नाही. त्या शाळेला मान्यतेसाठी झगडावं लागलं, आणि ज्या सरकारशी झगडावं लागलं त्याची कागदपत्रं मराठीत असतात. हेलसिंकीत मी परकी भाषा बोलणारी बाई आहे. धानोऱ्यात मी फिनिश आहे. हे मला उणे चोविसात सुचलं, म्हणून थंडीचा परिणाम असेल असं समजून मी दोन आठवडे गप्प होते. अजून तसंच वाटतंय.

म्हणून दोन गोष्टी मागते. पुढच्या गणपतीत एक संध्याकाळ महाराष्ट्रातल्या आदिवासी दिग्दर्शकांनी त्यांच्या भाषेत केलेले लघुपट दाखवू. शोधायचं काम माझं, आणि बनवणाऱ्यांना मानधन द्यायचं मंडळानं. खजिनदार माझ्याकडे बघत नाहीयेत, पण त्यांनी ऐकलंय. आणि दाखवायचे ते हॉलमध्ये नको, बाहेर अंगणात. सप्टेंबरात संध्याकाळी दहाएक अंश असतील, मरत नाही कुणी. फिनलंडमधल्या सामींपैकी निम्म्याहून जास्त लोक आता आपल्या मूळ प्रदेशात राहतच नाहीत, बरेच जण इकडे दक्षिणेत आपल्यासारखेच नोकरीपायी आलेत. त्यांनाही बोलावू. बघू कोण आधी हसतं.

पुढच्या जानेवारीत इनारीला यायचं असेल त्यांनी हळदीकुंकवाच्या टेबलावर माझ्या वहीत नाव लिहा. रात्रीच्या रेल्वेची तिकिटं लवकर संपतात. पायात दोन लोकरी मोजे, पण बूट एक माप मोठा, नाहीतर बोटं आवळून जास्त गारठतात. फोन आतल्या खिशात. कोट काळा नको. शाकाहारी मंडळींनी खाकरे भरपूर घ्या, तिथं सूपसुद्धा रेनडिअरचं असतं.

आणि ते किती आहेत, हे कुणालाही विचारायचं नाही.