चिंधीचा दुसरा डोस

(दृश्य: पहाट. बोळातले दिवे चालू. मागांचा आवाज. पायरीवर कुत्री.)

सोलापूर, पूर्व भाग. अशोक चौकाच्या मागचा बोळ. रात्रपाळीचे माग अजून सुटलेले नाहीत. बाहेर पायरीवर, टॉवेलच्या कापलेल्या काठांच्या ढिगात ती बसली आहे. मागच्या पायानं मान खाजवते, मग कोपर, मग पोट, की पुन्हा मान. कॅमेरा अकरा मिनिटं चालू होता. तेवढ्यात तिनं एकदाही डोकं खाली टेकवलं नाही.

चिंध्यांत झोपते म्हणून चिंधी. नाव बोळानंच ठेवलेलं.

(दृश्य: उंबऱ्यात विड्या वळणाऱ्या अक्का. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू.)

समोरच्या घरातल्या अक्का तिला भाकरी घालतात. "दोन महिने झाले ओ, नुसतं खाजवायलंय. रात्री दारावर पाय आपटतंय, आम्हाला वाटतंय कोण आलं."

(दृश्य: कानाची कड, अगदी जवळून.)

कानाची ही कड नीट बघा. केस गेलेत, कातडी राखाडी आणि जाड झालीय, वर पिवळट खपल्या. कोपरांची तीच गत. कुत्र्याची खरूज, आपण जिला लूत म्हणतो, ती बहुतेक इथूनच सुरू होते: कानाची कड, कोपर, पोटाखालचा विरळ केसांचा भाग. पाठ जाते ती नंतर. आणि पाठ गेल्याशिवाय आपल्याला लूत दिसत नाही. मग हाड हाड सुरू होतं.

डॉक्टर कानाची कड दोन बोटांत धरून चोळतात. आता मागचा पाय बघा. हवेतच खाजवायला लागला. यंत्र नाही, वीज नाही, पैसे नाहीत, अशी ही तपासणी. यावरून खात्री होत नाही, पण संशय पक्का होतो. बोळातल्या पाच कुत्र्यांचे कान असे चोळून पाहिले. चौघांचे पाय उठले.

(दृश्य: ब्लेड, तेलाचा थेंब, काचपट्टी.)

हा तुकडा लांब आहे, आणि आम्ही तो मुद्दाम कापलेला नाही. खपलीवर पॅराफिनचा थेंब. ब्लेडची धार आधी बोथट केलेली. डॉक्टर एकाच जागी खरवडत राहतात, वरवर नाही, रक्ताचे बारीक टिपके दिसेपर्यंत, कारण किडा वर बसत नाही. अक्कांनी तोंड फिरवलं, पण चिंधीची मान काही सोडली नाही.

शिलाई मशीनच्या फळीवर सूक्ष्मदर्शक मांडलाय. भिंगाला मोबाइल लावून घेतलेलं हे चित्र. गोल, बटणासारखं अंग. आखूड पाय, मागचे तर अंगाखालून बाहेरही येत नाहीत. हा सारकोप्टिस. गोचिडीच्या कुळातला, पण मोठ्यात मोठी मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान. ती कातडीत बोगदा खणत जाते आणि मागं अंडी टाकत जाते. अंड्यापासून पुन्हा अंडी घालणारी मादी व्हायला दोन ते तीन आठवडे. हा हिशेब लक्षात असू द्या, पुढं लागणार आहे.

१६८७ साली इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी या दोघांनी माणसाच्या खरजेतून याचाच भाऊबंद बाहेर काढून त्याचं चित्र काढलं होतं. म्हणजे या रोगाचा आरोपी सव्वातीनशे वर्षांपूर्वीच सापडलेला आहे. आपण अजून "उष्णता झाली असेल", "घाण खाल्ली असेल" म्हणतोय.

चिंधीच्या पट्टीवर एकच किडा सापडला, तोही तिसऱ्या पट्टीत. कित्येकदा एकही सापडत नाही. म्हणून पट्टी कोरी आली तरी लक्षणं बघून डॉक्टर औषध सुरू करतात.

(दृश्य: पिल्लू. डोळ्याभोवती केस गेलेले.)

हे पिल्लू पाचवं, ज्याचा पाय उठला नव्हता. याला फारशी खाजही नाही. पट्टीवर बघा, लांबुळका, विडीसारखा. हा डेमोडेक्स, केसाच्या मुळाशी राहणारा. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत आईच्या अंगावरून पिल्लावर येतो आणि बहुतेक कुत्र्यांवर आयुष्यभर गुपचूप राहतो. अंगातली ताकद खचली की माजतो. हा माणसाला लागत नाही. दोन्हींना आपण लूतच म्हणतो, उपचाराचं वेळापत्रक मात्र वेगळं.

(दृश्य: गॅरेजसमोर काळं ऑइल भरलेला डबा.)

आता हा डबा. गाडीचं जळकं ऑइल. सोलापुरात कुणालाही विचारा, लुतीवर हेच सांगतील. चिंधीच्या पाठीवरही ते दोनदा ओतलं गेलं होतं. कुत्रं अंग चाटतं, म्हणजे ऑइल पोटात जातं. वर इथलं ऊन. ओतणाऱ्यांची दया खोटी नव्हती, पण डबा चुकीचा होता. अक्कांनी तंबाखूचं पाणीही लावून पाहिलं होतं. घरात तंबाखू, म्हणून तंबाखू. निकोटीन कातडीतून अंगात उतरतं. जखमी कातडीतून तर जास्तच. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर अक्का आपल्या बोटांकडं बघत राहिल्या. ते चित्रण आम्ही तसंच ठेवलंय.

(दृश्य: वजनकाटा. चिंधीला उचलून उभ्या अक्का.)

कुत्रं काट्यावर थांबत नाही. म्हणून आधी अक्का चिंधीला घेऊन, मग एकट्या. वजाबाकी: ११ किलो. अक्कांचं वजन कॅमेऱ्यात येऊ द्यायचं नाही, असं ठरलं होतं. आलेलं नाही.

औषध आयव्हरमेक्टिन. याची गोष्ट जपानमधली. इतो गावाजवळ, गोल्फच्या मैदानालगतच्या मातीतून सातोशी ओमुरा यांनी एक जिवाणू वेगळा केला. अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातलं औषध जनावरांच्या परजीवींवर चालतं हे दाखवलं. १९८१ साली ते गुराढोरांसाठी बाजारात आलं. पुढं माणसांनाही लागू पडलं आणि २०१५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. गोठ्यात गाईसाठी आणलेली त्याची बाटली असते, आणि कुणीतरी तीच कुत्र्याला अंदाजानं टोचतं. ते करू नका. बाटलीतलं औषध एक टक्क्याचं, ११ किलोच्या कुत्रीला अर्धा मिलीसुद्धा लागत नाही. कोली या मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांना आणि त्या वळणाच्या जातींना तर ते मेंदूपर्यंत पोचून जिवावर बेतू शकतं.

(दृश्य: सुई. चिंधी हलत नाही.)

चार सेकंद. झालं.

आणि इथंच बहुतेकांचा उपचार संपतो. आठवड्याभरात खाज निम्म्यानं उतरते, कुत्रं झोपायला लागतं, माणसं म्हणतात बरं झालं. पण औषध अंड्यांना मारत नाही. बोगद्यातली अंडी पुढच्या दिवसांत फुटतात आणि लूत नव्यानं सुरू होते. मग बोळ म्हणतो, "इंजेक्शनचा काय उपयोग झाला नाही." उपयोग झाला होता. दुसरा डोस झाला नव्हता.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर.)

हे अक्कांचं कॅलेंडर. विड्यांच्या हिशेबाच्या आकड्यांत एका तारखेला पेनानं काढलेलं कुत्र्याचं डोकं. चौदा दिवसांनंतरची तारीख. मघाचा दोन-तीन आठवड्यांचा हिशेब इथं लागतो: नवी मादी अंडी घालायच्या आत दुसरा डोस. त्या दिवशी आमच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती, त्यामुळं दुसऱ्या डोसचं चित्रण नाही. पण तो झाला, आणि चौघांचा एकाच दिवशी झाला. एकाला टोचून तिघांना सोडलं असतं तर महिन्यात चिंधी पुन्हा इथंच बसली असती. चिंध्यांचा ढीगही मागवाल्यांनी हलवला.

महिनाभर किंवा तीन महिने असर ठेवणाऱ्या गोळ्याही आता मिळतात. भाकरीत घालून देता येतात, भटक्या कुत्र्याला पकडावं लागत नाही. फिट येणाऱ्या कुत्र्याला मात्र त्या डॉक्टरांना विचारूनच. महाग आहेत.

अक्कांच्या हातावर पुरळ उठलं होतं. कुत्र्याचा सारकोप्टिस माणसाच्या कातडीत वंश वाढवू शकत नाही. कुत्रं बरं झाल्यावर तेही गेलं. चौघांतला तांबडा कुत्रा दुसऱ्या डोसनंतरही सावरला नाही, मार्चअखेर गेला. पिल्लावर उपचार चालू आहेत, काही महिने चालतील.

(दृश्य: एप्रिल. दुपार. तीच पायरी.)

कानाच्या कडेवर केस आलेत, मऊ, थोडे फिकट. पाठीवर अजून दोन टकलं आहेत. रेबीजची लस दिली. नसबंदीसाठी नेऊ, अंग भरलं की.

डॉक्टर पुन्हा कानाची कड चोळतात. पाय उठत नाही. चिंधी जांभई देते.

(दृश्य: अक्का सूप बाजूला ठेवून उठतात.)

"हिचं झालं. पलीकडच्या बोळात एक काळं हाय, त्येचे कान बघा की जरा."

(दृश्य: अक्का पुढं, डॉक्टर मागं. मागांचा आवाज.)