कोकणात बेरोजगारी कमी दिसते, मग पोरं मुंबईला का?

नमस्कार मंडळी. मी आत्ता रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर आहे. जून महिना. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, म्हणून मागे बघा, होड्या शाकारून ठेवल्यात.

समजा, आज एका खलाशाच्या घरी सरकारी सर्वेक्षक आला आणि त्यानं विचारलं, "गेल्या सात दिवसांत एक तास तरी काम केलंत का?" खलाशी म्हणाला, "मालकाची जाळी शिवत होतो," तर तो कामावर. "काही नाही, पण काम मिळालं तर करीन," म्हणाला तर बेरोजगार. "आता नारळी पौर्णिमेनंतरच बघू," म्हणाला तर तो मोजणीच्या बाहेर, कारण तो काम शोधतही नाही आणि आत्ता कामाला तयारही नाही. माणूस तोच, बंदर तेच.

हे सर्वेक्षण म्हणजे आवधिक श्रमबल सर्वेक्षण, पीएलएफएस. २०१७ पासून सुरू आहे. यात सात दिवसांचा हिशोब असतो तसा वर्षभराचाही असतो. कोकणातला तक्ता उघडलात की आधी बघा, आकडा यातला कुठला. आंब्याचा हंगाम, भातलावणी, मासेमारी, पर्यटन: आपल्याकडे काम पाळीनं येतं. सात दिवसांच्या आकड्यावर बारा महिन्यांचं नियोजन केलंत तर फसाल.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी हा व्हिडिओ करतोय.

(स्क्रीनवर तक्ता)

समजा, एका गावात १०० जण. ८० कामाला, २० काम शोधतायत. बेरोजगारीचा दर २० टक्के. गणपती झाले आणि त्या २० पैकी १५ जण ठाण्याला, पुण्याला निघून गेले. उरले ८५. त्यात काम शोधणारे ५. दर आला सहा टक्क्यांच्या खाली! गावात एकही नवी नोकरी निर्माण झाली नाही, आणि कागदावर मात्र गाव सुधारलं. गेलेली पोरं आता तिकडच्या मोजणीत आहेत.

हे कल्पनेतलं गाव झालं. आता जनगणना बघा. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती. २०११ साली १६,१५,०६९. राज्य वाढत असताना आपला जिल्हा ८१ हजारांनी घटला. आणि १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया. हा आकडा वाचला की मला बंद घरं दिसतात, आणि मे महिन्यात एसटीतून उतरणारे चाकरमानी दिसतात. म्हणून कोणी बेरोजगारीचा दर एकटा पुढे केला, तर शेजारी लोकसंख्येचा आकडा ठेवायला सांगा. दोन्ही मिळूनच काहीतरी बोलतात.

गावातलं काम मोजायची बाकीची साधनं थोडक्यात. शाळांची पटसंख्या यूडायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यात मिळते. आज सातवीत किती मुलं आहेत, हे कळलं की चार वर्षांनी दहावीनंतर किती जागा लागतील याचा अंदाज येतो. छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर, उद्यमवर, नोंदलेले व्यवसाय दिसतात, पण घरगुती खानावळ किंवा निवास-न्याहारी चालवणाऱ्या कित्येक बायका तिथं नाहीतच. राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टलवर नोकऱ्यांच्या जाहिराती असतात. आपल्या बंदरावर मात्र तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, जाहिरात देऊन खलाशी शोधत नाही, ओळखीनं आणतो. आमच्या बागांत राखणीला नेपाळहून माणसं येतात, तीही अशीच.

पीएलएफएसमध्ये जानेवारी २०२५ पासून नमुना निवडताना बहुतेक ठिकाणी जिल्हा हा मूळ घटक धरतात. चांगलं झालं. पण दापोली आणि राजापूर या आपल्याच जिल्ह्यातल्या तालुक्यांतला फरक त्यातून कळणार नाही. तो आपणच मोजायचा.

कसा? आयटीआयला कुठला ट्रेड सुरू करायचा, हा प्रश्न घ्या. डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा, वातानुकूलन आणि रेफ्रिजरेशन दोन वर्षांचा. होडीला इंजिन असतं, मासळीला बर्फ आणि शीतगृह लागतं, आंब्याच्या पल्पलाही थंडावा लागतो. मग बंदरावर या आणि होडीमालकाला, बर्फ कारखान्यातल्या फोरमनला दोनच प्रश्न विचारा: गेल्या वर्षी मशीन बंद पडलं तेव्हा मेकॅनिक कुठून आणला? किती दिवस थांबलात?

तीस जणांची उत्तरं एका वहीत लिहा, ती एक्सेलमध्ये चढवा. ती घेऊन जिल्हा कौशल्य समितीपुढे बसा. आणि हे जुलैअखेर करा, कारण होड्या वर असतात तेव्हाच मालक निवांत भेटतात आणि इंजिनंही उघडलेली असतात. हे माझ्या मागचंच बघा, दुपारपासून उघडं पडलंय, आणि मालक अजून मेकॅनिकची वाट बघतायत.